खराटा आणि मोटार

न्यूयॉर्क शहरात रस्त्याच्या कडेला मोटार उभी करणाऱ्या माणसाला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. एक भिंतीवरचे, सर्वांचे. दुसरे खांबावरचे, फक्त त्याच्या गल्लीचे. खांबावरच्या पत्र्याच्या पाटीवर ‘पी’ हे अक्षर असते, त्यावर आडवा झाडू काढलेला असतो आणि खाली वार व वेळ लिहिलेली असते. या बाजूला सोमवार आणि गुरुवार, समोरच्या बाजूला मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते अकरा, अशा स्वरूपाचा तो मजकूर. नेमलेल्या दिवशी त्या दीड तासात त्या बाजूला एकही गाडी उभी असता कामा नये, कारण तेवढ्या वेळात शहराच्या सफाई खात्याचे झाडण्याचे यंत्र तेथून जायचे असते. पाणी शिंपडत, गोल कुंचले फिरवत, पदपथाच्या दगडाला अगदी खेटून ते पुढे सरकते. ज्याने गाडी हलवली नाही त्याच्या काचेवर दंडाची पावती लागते.

मुलीच्या घरी, क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स या वस्तीत, काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा या पाट्यांकडे माझे लक्ष गेले. आरंभी मला त्यात केवळ शिस्तीचे कौतुक वाटले. पुढे ध्यानात आले की ही पाटी नुसती रस्ता झाडण्यापुरती नाही. माणसाने गाडी केव्हा बाहेर काढावी, केव्हा काढू नये, बाजाराला कोणत्या दिवशी जावे, सुटीला केव्हा निघावे, एवढेच काय, गाडी मुळात बाळगावी की नाही, हेही ती पाटी ठरवीत असते. धुळीसाठी केलेला नियम माणसाच्या जाण्यायेण्यावर इतका दूरवर परिणाम करतो, हे पाहून मी त्याचा विचार करू लागले. आणि विचार करता करता माझ्या पुण्यातल्या गल्लीकडेही निराळ्या नजरेने पाहू लागले.

या नियमाचा इतिहास बोधप्रद आहे. गाड्यांची बाजू आळीपाळीने मोकळी करण्याची ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९५० साली लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीच्या भागात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढत होती आणि झाडण्याची यंत्रेही आली होती; पण यंत्राला कडेपर्यंत पोचायला वाटच उरली नव्हती. तथापि झाडूला वाट न मिळण्याचे हे दुखणे मोटारीहून जुने आहे. १८९५ साली जॉर्ज वेअरिंग नावाचे गृहस्थ त्या शहराच्या रस्ते-सफाईचे प्रमुख झाले. त्यांनी झाडूवाल्यांना पांढरा गणवेश दिला आणि त्यांच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. परंतु त्यांचे आणखी एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. घोडे सोडून रात्रभर रस्त्यावर उभे करून ठेवलेले मालवाहू गाडे त्यांनी हटवले. रस्ता झाडायचा तर आधी रस्ता दिसला पाहिजे, हे त्यांना उमगले होते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ज्या इमारतीत मुलगी राहत होती तिला स्वतःचे वाहनतळ नव्हते. भाड्याने जागा घ्यायची तर त्याचे पैसे जड होते. त्यामुळे गाडी रस्त्यावर. तेथे रस्त्याच्या कडेच्या बहुतेक जागांना पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ. संध्याकाळी कामावरून आल्यावर जागा शोधत तीन-चार गल्ल्यांना प्रदक्षिणा घालणारी माणसे मी रोज खिडकीतून पाहत असे. जागा मिळाली की तिचे मोल तीवरील पाटीवरून ठरे. सोमवारी दुपारी मिळालेली सोमवार-गुरुवारची जागा म्हणजे गुरुवार सकाळपर्यंतची निश्चिंती. एका रविवारी दूरच्या बागेत जाण्याचे मी सुचवले, तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, आज गाडी नको. जागा मंगळवारपर्यंत चालणारी आहे. आपण भुयारी गाडीने जाऊ.” मला क्षणभर हसू आले. ज्या वस्तूने आपल्याला कोठेही नेता यावे म्हणून ती विकत घेतली, ती जागेवरून हलू नये म्हणून आपण दुसऱ्या वाहनाने जायचे! पण तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. गाडी काढण्याची खरी किंमत पेट्रोलची नव्हती. गेलेल्या जागेची होती.

याची उलट बाजूही होती. मंगळवारी सकाळी गाडी हलवायचीच असे. मग जावई म्हणत, “निघालोच आहे तर तांदळाची गोणी आणून टाकतो.” कोणी त्याच दिवशी गाडी घेऊन कामावर जाई, एरवी भुयारी रेल्वेने जाणारा असला तरी. म्हणजे जी फेरी झालीच नसती ती केवळ झाडूच्या भयाने होई. एकच नियम काही दिवस गाडीला खिळवून ठेवी आणि काही दिवस तिला विनाकारण रस्त्यावर आणी. नियम करणाऱ्यांच्या मनात यातले काहीही नसावे. त्यांना रस्ता स्वच्छ हवा होता. पण रस्त्याच्या कडेची बारा चौरस मीटर जागा केव्हा कोणाची, हे एकदा ठरवले की माणसाच्या हालचालीचे वेळापत्रकही ठरून जाते.

मंगळवारच्या सकाळी त्या गल्लीत एक चमत्कारिक दृश्य दिसे. गाड्यांत माणसे बसलेली असत. कोणी वर्तमानपत्र वाचत, कोणी चहा घेत, कोणी फोनवर बोलत. पण गाडी सुरू करण्याच्या तयारीत. यंत्र आले की गाडी बाहेर काढायची, ते पुढे गेले की पुन्हा त्याच जागी लावायची आणि अकरा वाजेपर्यंत आत बसून राहायचे. या बसण्यात एक सूक्ष्म अन्याय आहे, तोही नोंदवला पाहिजे. निवृत्त माणसाला तो दीड तास परवडतो. ज्याचे काम घरून चालते त्यालाही परवडतो. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेल्या परिचारिकेला मात्र झोप बाजूला सारून गाडीत बसावे लागते. आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो कधीकधी दंडच भरून टाकतो. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात हा दंड ६५ डॉलर. महिन्याला शेकडो डॉलर भाडे घेणाऱ्या खासगी वाहनतळापेक्षा अधूनमधून पावती फाडलेली बरी, असा हिशेब करणारे लोक तेथे आहेत. पावतीने तिजोरीत भर पडते. त्या गाडीखालचा कचरा मात्र तसाच राहतो. यंत्र तिला वळसा घालते, आणि वळसा घालताना मागची व पुढची थोडी कडही सोडून जाते. एका गाडीमुळे आजूबाजूचीही जागा झाडायची राहते.

हा नियम सैल केला तर काय होते, याचा अनुभवही त्या शहराने घेतला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत तो काही काळ स्थगित झाला. पुढे तो परत आला तो सौम्य होऊन: ज्या बाजूला आठवड्यातून दोन दिवस झाडणे होते तेथे एकच दिवस गाडी हलवावी, अशी सवलत देण्यात आली. गाडीवाल्यांना ती सुखाची वाटली यात नवल नाही. पण कडेला कचरा साचत असल्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि जुलै २०२२ मध्ये मूळ नियम पूर्ववत लागू झाला. त्याबद्दल कुरकुर करणारे आणि समाधान मानणारे, दोन्ही प्रकारचे लोक मला भेटले. कुरकुर करणाऱ्यांच्या घरी गाडी होती. समाधान मानणारे बहुधा पायी चालणारे होते.

पुण्याला परतल्यावर माझ्या गल्लीत मी हेच पाहू लागले. आमची गल्ली जुन्या पेठेतली. वाडे गेले, त्यांच्या जागी चार मजली इमारती आल्या, पण रस्त्याची रुंदी वाड्यांच्या काळातलीच राहिली. दोन्ही बाजूंना गाड्या असतात. त्यांतल्या काही रोज जातात-येतात. काही मात्र महिनोन्महिने जागच्या हलत नाहीत. त्यांच्या अंगावर कापडी झूल असते, झुलीवर पिंपळाची पाने आणि पक्ष्यांची शिंतोड, चाकांपाशी वाळलेल्या पाल्याचा ढीग. दरवर्षी खंडेनवमीला त्यांना झेंडूची माळ पडते. तेवढाच त्यांचा सण. २०१८ च्या सुमारास पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येहून अधिक झाल्याची बातमी आली, तेव्हा मला प्रथम या झूल पांघरलेल्या गाड्यांची आठवण झाली. वाहन म्हणजे वाहून नेणारे; या मात्र नुसत्या वास्तव्याला आल्या होत्या.

रस्ता झाडायला येणाऱ्या बाई सकाळी सहाच्या सुमारास येतात. आरोग्य कोठीवर हजेरी लावायची, हातगाडी आणि खराटा घ्यायचा आणि नेमलेल्या गल्ल्या आटपायच्या, असा त्यांचा क्रम. एका सकाळी शेजारचे काका त्यांना म्हणाले, “मावशी, गाडीखालचं सगळं तसंच राहिलंय.” बाई थांबल्या. खराटा जमिनीवर टेकवून शांतपणे म्हणाल्या, “काका, गाडी उचलून झाडू का?” आणि थोडे थांबून म्हणाल्या, “पाऊस आला की हेच सगळं जाळीत जाऊन बसतंय. पाणी तुंबलं की पुन्हा आम्हालाच बोलावत्यात.”

त्या दोन वाक्यांत रस्त्याचे शास्त्र होते. चांगला रस्ता मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधतात, म्हणजे पाणी मधोमध साचत नाही, कडेला वाहत जाऊन पावसाळी गटाराच्या जाळीत उतरते. पाण्याबरोबर माती, पाने, प्लॅस्टिकच्या पिशव्याही कडेला येतात. चालत्या वाहनांच्या वाऱ्यानेही धूळ कडेलाच फेकली जाते. थोडक्यात, रस्त्याचा मधला भाग पुष्कळसा आपोआप साफ होतो. झाडण्याची खरी गरज असते ती कडेला. आणि आपण मोटार उभी करतो तीही नेमकी कडेलाच. म्हणून झाडूवालीचा खराटा जेथे हवा तेथे पोचत नाही आणि जेथे पोचतो तेथे त्याचे काम थोडे असते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो, गल्लीत घोटाभर पाणी होते आणि आपण महानगरपालिकेला नावे ठेवतो. ते ठेवायला हरकत नाही. पण त्या पाण्याच्या वाटेत उभे कोण होते, हेही पाहावे.

आळीपाळीचा नियम पुण्याला अपरिचित आहे असे मात्र नाही. ‘पी-१’ आणि ‘पी-२’ या पाट्या पुणेकरांना चांगल्या ठाऊक आहेत: विषम तारखेला एका बाजूला वाहने लावायची, सम तारखेला दुसऱ्या. म्हणजे एक दिवसाआड प्रत्येक बाजू मोकळी व्हायला हवी. न्यूयॉर्कपेक्षाही ही व्यवस्था कागदावर अधिक उदार आहे. मग तिचा लाभ खराट्याला का होत नाही? कारण ती वाहतुकीसाठी आखलेली आहे, झाडण्यासाठी नव्हे. तारीख मध्यरात्री बारा वाजता बदलते. गाड्या बदलतात त्या सकाळी नऊनंतर, पोलिसांची गाडी उचलण्याची फेरी सुरू होण्याच्या सुमारास. मधल्या काळात, म्हणजे नेमके बाई झाडायला येतात तेव्हा, कालच्या तारखेच्या गाड्या कालच्याच बाजूला असतात आणि आज पहाटे लवकर आलेल्यांच्या आजच्या बाजूला. शिवाय ३१ तारखेनंतर १ तारीख येते. दोन्ही विषम, म्हणून एकाच बाजूला लागोपाठ दोन दिवस. आणि बहुसंख्य गल्ल्यांत, जशी आमची, अशी पाटीच नाही. तेथे गाडी हलण्याचे कारण फक्त मालकाची इच्छा.

या दोन शहरांची तुलना करताना मी न्यूयॉर्कला आदर्श मानत नाही. तेथे गाडीवाल्याला फुकट जागा मिळते आणि त्या बदल्यात तो आठवड्यातून दीड-तीन तास देतो. हा सौदाही त्याच्याच फायद्याचा आहे. डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकांनी फुकट पार्किंगची समाजाला पडणारी किंमत या विषयावर २००५ साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि रस्त्यावरची जागा फुकट ठेवली की लोक गाड्या अधिक बाळगतात व जागा शोधत अधिक फिरतात, हे विस्ताराने मांडले. जपानने तर १९६२ च्या कायद्याने गाडीसाठी रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला मागायला सुरुवात केली. हे उपाय अधिक मुळाशी जाणारे आहेत. पुण्यातही २०१८ साली महानगरपालिकेने पार्किंगचे धोरण मंजूर केले. पुष्कळ वादानंतर ते मोजक्या रस्त्यांपुरते आकुंचित झाले. त्या वेळी मी ऐकलेल्या चर्चा सगळ्या पैशांच्या होत्या: तासाला किती, रात्रीला किती, सामान्य माणसाला परवडेल का. खराट्याचा शब्द माझ्या तरी कानी पडला नाही.

मला वाटते, तो उच्चारला गेला असता तर चर्चेचे वळण थोडे बदलले असते. पैशांची गोष्ट निघाली की गाडीवाला स्वतःला गिऱ्हाईक समजतो: दाम दिला, जागा माझी. झाडूची गोष्ट निघाली की त्याला आठवण राहते की जागा आपली नाही. ती काही काळ आपल्याला वापरू दिली आहे आणि तिची निगा राखणारे दुसरे कोणी आहे. एका मोटारीने अडवलेली जागा सुमारे बारा चौरस मीटर भरते. आपल्याकडे मोजायचे तर साधारण दहा बाय बाराची खोली. मुंबईच्या चाळींतून अशा एकेका खोलीत सात-आठ माणसांचे संसार झाले आहेत, मुले शिकली आहेत, लग्ने ठरली आहेत. तेवढी भूमी आपण एका निर्जीव वस्तूला वर्षानुवर्षे, भाडे न मागता, कोणताही करार न करता देऊन ठेवतो आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. त्या भूमीवर आठवड्यातून एकदा तासभर खराट्याचा हक्क मानावा, ही मागणी फार मोठी नाही.

पण या मागणीला दुसरी बाजू आहे, आणि ती जॅक्सन हाइट्सच्या त्या पाटीनेच मला दाखवली. पाटीवरची वेळ गाडीवाल्याला बांधते तशीच ती शहरालाही बांधते. साडेनऊ ते अकरा म्हटले की त्या वेळात यंत्र आलेच पाहिजे; न येईल तर लोक दुसऱ्या आठवड्यात गाडी का हलवतील? आमच्या गल्लीत असा एक वार ठरवायचा तर त्या दिवशी झाडायला येणाऱ्या बाईंना पूर्ण गल्ली झाडता येईल एवढा वेळ द्यावा लागेल, त्यांच्या जोडीला माणूस द्यावा लागेल, त्या रजेवर असतील तर बदली पाठवावी लागेल, गोळा झालेला गाळ त्याच दिवशी उचलावा लागेल. पाटी लावणे सोपे आहे. तिच्यावरचा शब्द पाळणे खर्चाचे आहे. नियम हा दोघांमधला करार असतो, आणि नागरिकाने तो मोडण्याआधी कित्येकदा व्यवस्थेने तो मोडलेला असतो, ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे.

आपल्या परंपरेत झाडण्याच्या कामाला अप्रतिष्ठा जितकी आहे तितकाच त्याचा गौरवही आहे, आणि या दोहोंचा मेळ आपण अजून घातलेला नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रस्ते झाडत, कीर्तन रात्री. त्यांच्या नावाने राज्यात स्वच्छता अभियान चालते. ते ज्या गल्ल्या झाडत तेथे वाटेत बैलगाडी उभी असेलच तर तिचा धनी जवळच असे. हाक मारली की बैल जुंपून गाडी बाजूला घेता येई. आजच्या झाडूवालीला हाक मारायला समोर कोणीच नसते. असते ती काच वर केलेली, कुलूप लावलेली वस्तू. तिला ती वळसा घालते, आणि या वळशाची तिला इतकी सवय झाली आहे की तो आता तिच्या कामाचाच भाग झाला आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणून तिची पूजा करतो. न्यूयॉर्कने आपल्या दिवाळीचा मान राखला आहे, पण तो निराळ्या रीतीने. तेथे रस्ते झाडण्याचा नियम ज्या सणांना स्थगित असतो त्यांच्या यादीत ईद, नाताळ आणि चांद्र नववर्षाबरोबर दिवाळीही आहे. त्या दिवशी गाडी हलवावी लागत नाही. मुलीच्या घरी त्या सकाळी सगळे आनंदात होते, आणि तो आनंद खोटा नव्हता. सणाच्या दिवशी दीड तास गाडीत बसावे लागू नये, असे कोणालाही वाटेल. तरीही फराळाचे ताट हाती घेताना मनात आले, की ज्या दिवशी आपण केरसुणीला देव्हाऱ्यापाशी बसवतो त्याच दिवशी मोटारीच्या सोयीसाठी तेथे झाडू बाजूला राहतो. एका घरात केरसुणीची पूजा आणि दारापुढच्या रस्त्यावर गाडीची सत्ता, ही विसंगती केवळ परदेशातली नाही. आमच्या गल्लीतही ती आहे, आणि वर्षातून एक दिवस नव्हे, रोजची आहे.

म्हणून मला वाटते, शहरात मोटारी किती असाव्यात, त्यांनी किती फिरावे, याचे उत्तर शोधताना रस्ते रुंद करण्याचे आराखडे आणि उड्डाणपुलांची चित्रे थोडी बाजूला ठेवून आपण सकाळी सहा वाजता गल्लीत उभे राहावे. खराटा कोठपर्यंत पोचतो आणि कोठे अडतो, ते पाहावे. जेथे तो अडतो तेथे रस्ता सर्वांचा राहिलेला नसतो. आणि एकदा का आठवड्यातून तासभर गाडी हलवण्याचे बंधन आले, की झूल पांघरलेल्या त्या गाड्यांचे मालकही स्वतःला विचारू लागतील: जी आपल्याला कोठेही नेत नाही, तिच्यासाठी आपण दर आठवड्याला खाली का उतरावे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावे. काहीजण गाडी ठेवतील, काहीजण विकतील. पण तोवर कडेची माती निघालेली असेल आणि जाळीचे तोंड मोकळे झालेले असेल.